प्रकल्प नोंदी : थबकणारे निशाचर

४ फेब्रुवारी

लुआन्टीवर चालणाऱ्या आमच्या सर्व्हायव्हल खेळातील ‘निशाचर’ या शत्रूविषयी चाचणी करणाऱ्या सहकाऱ्यांनी पाठवलेल्या तक्रारी आज एकत्र वाचून काढल्या. मूळ तक्रार एकच आहे : निशाचर खेळाडूकडे तोंड वळवतो आणि मग जागच्या जागी उभा राहतो, ना पुढे येतो, ना मागे फिरतो. तो केव्हा थबकतो याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. कोणी म्हणतो गुहेत, कोणी म्हणतो घराच्या पायरीवर उभे राहिल्यावर, तर एकाने लिहिले आहे की लांब जाऊन परत आल्यानंतरच हे दिसते. आणखी एका सहकाऱ्याने त्याच गुहेत निशाचराशी यथास्थित झुंज दिली आणि त्याला काहीही वावगे आढळले नाही.

लुआन्टी हे ठोकळ्यांच्या जगाचे मुक्त इंजिन आहे. २०२४ पर्यंत ते माइनटेस्ट या नावाने ओळखले जात असे. शत्रूंचे वागणे इंजिनात ठरलेले नसते, ते लुआ भाषेतील मॉडमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडायच्या वेगळ्या कोडमध्ये, लिहावे लागते, त्यामुळे दोष शोधायचा आहे तो आमच्याच मॉडमध्ये. निशाचराच्या चार अवस्था आहेत : गस्त, पाठलाग, हल्ला आणि माघार. उजेडाची पातळी शून्यापासून पंधरापर्यंत मोजली जाते आणि ती दहाच्या वर गेली की निशाचर माघार घेतो. या चारही अवस्थांमध्ये ‘स्वस्थ उभे राहणे’ कोठेही लिहिलेले नाही.

६ फेब्रुवारी

नुसत्या नजरेने पाहून काही निष्पन्न होणार नाही हे उघड होते, म्हणून निशाचराच्या डोक्यावरील नावाच्या पट्टीचा उपयोग करून घेतला. खेळात ही पट्टी रिकामी असते. चाचणीच्या प्रतीत तिच्यावर चालू अवस्था, लक्ष्याचे नाव आणि मार्ग शोधण्याच्या शेवटच्या प्रयत्नाचा निकाल छापून घेतला. शिवाय सापडलेल्या मार्गाच्या प्रत्येक बिंदूवर पिवळा कण सोडला, म्हणजे शत्रूने कोणती वाट धरली आहे ते अंधारातही दिसावे.

फायदा लगेच झाला. गुहेत थबकलेल्या निशाचराच्या डोक्यावर ‘पाठलाग, लक्ष्य आहे, मार्ग निल’ (निल म्हणजे लुआमध्ये ‘काहीच नाही’) असे झळकत होते आणि पिवळ्या कणांचा पत्ता नव्हता. जुन्या जगात, एका पडक्या बुरुजाजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या निशाचराच्या डोक्यावर मात्र ‘हल्ला, लक्ष्य नाही’ असे होते. बाहेरून दोघे अगदी सारखे दिसतात, दोघांचीही मान खेळाडूकडे वळलेली असते. पण आतून त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मान वळवणारा कोड अवस्थेकडे पाहतच नाही, जवळचा खेळाडू शोधून तो त्याच्याकडे तोंड फिरवतो, आणि त्यामुळेच सगळ्यांना ‘निशाचराने मला पाहिले’ असे वाटत राहिले.

तक्रारीची नोंद दोन भागांत विभागली. आधी गुहेतला प्रकार हाती घेतो.

९ फेब्रुवारी

गुहा म्हटली की अंधार आठवतो आणि निशाचर तर उजेडावरच चालतो, तेव्हा गटातील बहुतेकांचा संशय उजेडाच्या तपासणीवर होता. तो पडताळून पाहण्यासाठी डोंगराच्या पोटात, समुद्रसपाटीच्या बऱ्याच वर, चहूबाजूंनी बंद अशी खोली कोरली. आत उजेडाची पातळी शून्य, जमीन सपाट, मध्ये कोणताही अडथळा नाही. तेथे निशाचर बिनतक्रार धावून आला. तशीच खोली, तेवढ्याच मापाची, खोल गुहेच्या पातळीवर कोरली तर तेथे तो उभाच राहिला. दोन्ही ठिकाणचा अंधार सारखाच असल्यामुळे उजेडावरचा संशय फिटला. राहिला फरक तो फक्त उंचीचा.

लुआन्टीचे जग शून्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे सुमारे ३१ हजार नोडपर्यंत (नोड म्हणजे जगाचा एक ठोकळा) पसरते आणि पाण्याची पातळी मुळात १ वर ठेवलेली असते. म्हणजे जमिनीवरील बहुतेक खेळ धन आकड्यांत चालतो, तर खाणकाम आणि खोल गुहा ऋण आकड्यांत येतात. ‘गुहेत थबकतो’ या तक्रारीचा खरा अर्थ ‘शून्याच्या खाली थबकतो’ असा असण्याची शक्यता आता बळावली आहे.

१० फेब्रुवारी

शक्यता खरी ठरली, आणि ती इतक्या ठळकपणे दिसेल अशी अपेक्षा नव्हती. शून्याच्या आसपास खाली उतरणारा जिना खणला, वेळ थांबवून ठेवली आणि एका निशाचराला मागे लावून पायऱ्या उतरत गेलो. वाय अक्षावर, म्हणजे उंचीत, ० या नोडच्या पायरीवर उभे असेपर्यंत तो येत होता. उणे १ च्या पायरीवर पाय ठेवला की पट्टीवर ‘मार्ग निल’ उमटायचे आणि तो थांबायचा. पुन्हा एक पायरी वर चढलो की पिवळे कण उगवायचे आणि तो चालू लागायचा. हा खेळ हवा तितका वेळ चालू ठेवता येत होता.

कारण आकडे गोल करण्यात आहे. नोडचा क्रमांक त्याच्या मध्यबिंदूचा असतो, म्हणून ८ क्रमांकाचा नोड ७.५ पासून ८.५ पर्यंत पसरलेला असतो. त्यावर उभ्या असलेल्या खेळाडूचे स्थान म्हणजे त्याच्या पायांची उंची, ती ८.५ भरते. मार्ग शोधणाऱ्या फाइंड पाथ या फंक्शनला पूर्ण नोडांचे आकडे लागतात आणि बरोबर अर्धा आला की तो शून्यापासून दूर नेला जातो. ८.५ चे ९ होतात. ९ म्हणजे जमिनीवरची मोकळी जागा, तेव्हा सगळे ठीक. परंतु उणे २० च्या नोडवर उभ्या असलेल्या खेळाडूचे पाय उणे १९.५ वर असतात आणि शून्यापासून दूर जायचे म्हटले की त्याचे उणे २० होतात. उणे २० ही मोकळी जागा नव्हे, ती जमीनच आहे. लक्ष्य जमिनीत गाडलेले असेल तर मार्ग न देता निल परत करायचे, हे या फंक्शनच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते तंतोतंत तसेच वागत होते. आमचा मॉड मात्र खेळाडूचे स्थान जसेच्या तसे त्याच्या हाती देत होता.

निशाचराच्या स्वतःच्या स्थानाला ही बाधा झाली नाही, कारण त्याच्या मॉडेलचा मूळ बिंदू पायांशी नसून अर्धा नोड वर आहे; तो उणे २० वर उभा राहिला तर त्याचे स्थान उणे १९ असे पूर्णांकातच येते. गस्तीसाठी निवडलेली ठिकाणेही पूर्णांकातच असतात, म्हणून शून्याखालची गस्त सुरळीत चालत होती आणि मार्ग शोधण्याच्या कोडकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

आणि ज्या सहकाऱ्याला त्याच गुहेत काहीच वावगे दिसले नव्हते, त्याचेही म्हणणे खरेच होते. लढताना तो सतत उड्या मारतो. उडीत पाय उणे १९.३ वर असले की गोल करून उणे १९ मिळतात, मार्ग सापडतो आणि पुढच्या शोधापर्यंत निशाचर त्या मार्गाने चालत राहतो. मार्गाचा शोध सेकंदातून एकदा होतो, तेव्हा त्या क्षणी खेळाडू हवेत होता की जमिनीवर, यावर सारे अवलंबून. शांतपणे उभे राहून खाणकाम करणाऱ्यांनाच थबकलेला निशाचर दिसावा, हे यातून आपसूक उलगडते.

१२ फेब्रुवारी

दुरुस्तीचा पहिला विचार असा की पायांच्या उंचीत अर्धा मिळवावा आणि मग आकडा गोल करावा. उणे १९.५ चे उणे १९ होतील आणि गुहेतला प्रश्न मिटेल. पण पायरीवरची तक्रार याने सुटत नाही. अर्ध्या उंचीची पायरी नोडच्या खालच्या अर्ध्या भागात असते, म्हणून १२ क्रमांकाच्या पायरीवर उभ्या असलेल्या खेळाडूचे पाय बरोबर १२.० वर येतात आणि १२ हा नोड म्हणजे ती पायरीच. येथे धन-ऋणाचा भेद नाही, लक्ष्य दोन्हीकडे गाडलेलेच राहते. अर्धा मिळवला तर धन बाजूला १२.५ चे १३ होऊन काम भागते, ऋण बाजूला मात्र उणे १२ चे उणे ११.५ होते आणि गोल करताना ते परत उणे १२ वर जाऊन बसते. म्हणजे घर जमिनीवर बांधले तर दुरुस्ती लागू आणि तळघर बांधले तर नाही, असा विचित्र प्रकार झाला असता.

म्हणून गोल करणेच सोडून दिले. पायांच्या उंचीचा खालचा पूर्णांक घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. पूर्ण ठोकळ्यावर ८.५ चे ९, उणे १९.५ चे उणे १९. पायरीवर १२ चे १३, उणे १२ चे उणे ११. चारही उत्तरे बरोबर आहेत. दशांशाच्या बारीक चुकीमुळे १२ ऐवजी ११.९९९ आले तर सगळे फिसकटेल, हे ओळखून आधी ०.०१ मिळवले आहे.

उरले ते सतरंजी आणि बर्फाचा पातळ थर यांसारखे नोड. त्यांची जाडी इतकी कमी की पायांची उंची जवळजवळ जमिनीएवढीच राहते आणि नवा नियमही त्या थराच्याच नोडवर बोट ठेवतो. यासाठी वेगळे सूत्र शोधत बसलो नाही. हिशेबाने आलेला नोड चालण्याजोगा, म्हणजे ज्यावर पाय टेकतो असा निघाला, तर एक नोड वर सरकायचे, एवढी तपासणी पुरेशी आहे. खेळाडू हवेत असेल तर उलट खाली सरकत जाऊन जमीन गाठायची. हे सारे एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवले आणि मॉडमध्ये जेथे जेथे खेळाडूचे स्थान मार्ग शोधण्यासाठी वापरले जाते, तेथे तेच बोलावले.

१५ फेब्रुवारी

निलचा आणखी एक परिणाम आज ध्यानात आला. रात्री सर्व्हर अडखळतो अशी वेगळी तक्रार बरेच दिवस पडून होती. तिचे मूळ येथेच आहे.

मार्ग शोधण्यासाठी वापरली जाणारी ए-स्टार ही पद्धत १९६८ साली हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी मांडली. मार्ग अस्तित्वात असेल तर ती लक्ष्याच्या रोखाने सरकत लवकर संपते. मार्गच नसेल तर मात्र ‘नाही’ असे सांगण्यापूर्वी तिला पोहोचता येण्याजोगी प्रत्येक जागा तपासावी लागते. आमच्याकडे शोधाचे अंतर १६ ठेवले आहे. निशाचर आणि खेळाडू दोन्ही आडव्या अक्षांवर १० नोड दूर आणि एकाच पातळीवर असतील, तर शोधाची पेटी ४३ गुणिले ४३ गुणिले ३३, म्हणजे सुमारे ६१ हजार नोडांची होते. त्यातील बराचसा भाग हवेचा किंवा दगडाचा असल्यामुळे प्रत्यक्ष काम यापेक्षा कमी होते. तरीही खेळाडूने स्वतःला चार भिंतींत बंद करून घेतले आणि बाहेर निशाचरांची टोळी जमली, तर प्रत्येक जण दर सेकंदाला ही व्यर्थ धाव घेतो. सर्व्हरचे एक पाऊल मुळात ०.०९ सेकंदाचे असते आणि एवढ्या वेळात बाकीचे सगळे कामही उरकायचे असते.

लक्ष्य गाडलेले असेल तर फंक्शन तत्काळ परतते, तेथे खर्च नाही. महाग पडतो तो खऱ्याखुऱ्या बंद घराबाहेरचा शोध. त्यामुळे निल आल्यावर पुढचा शोध दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ सेकंदांनी आणि त्यानंतर दर आठ सेकंदांनी, अशी ढील दिली. खेळाडू ठरावीक अंतराहून जास्त हलला किंवा जवळचा एखादा नोड फोडला गेला, तर ही ढील रद्द होते, नाहीतर दार उघडल्यावरही निशाचर आठ सेकंद ताटकळत राहिला असता.

शिवाय या काळात त्याने करायचे काय, हेही ठरवणे भाग होते. ‘वेढा’ ही पाचवी अवस्था घातली : भिंतीपर्यंत सरळ जायचे आणि तिच्या कडेने फेऱ्या मारायच्या. खरोखरच वाट नसलेला शत्रूही हलताना दिसला पाहिजे, असा माझा आग्रह होता. तो नुसता उभा राहिला तर खेळाडूला त्यात बगच दिसेल आणि तशी तक्रार आली तर तिला दोष देता येणार नाही.

१८ फेब्रुवारी

आता बुरुजाजवळचा प्रकार. खेळाडूच्या भोवतालचा ठरावीक टापूच जागा ठेवला जातो. जगाचे १६ नोड बाजूचे ब्लॉक पाडलेले असतात आणि जाग्या ब्लॉकांची त्रिज्या मुळात ४, म्हणजे ६४ नोड असते. खेळाडू दूर गेला की त्या पलीकडचे शत्रू निजवले जातात. निजवताना इंजिन गेट स्टॅटिकडेटा हे फंक्शन बोलावते, त्याने परत केलेली अक्षरांची माळ ब्लॉकबरोबर साठवते आणि पुन्हा जागे करताना तीच माळ ऑन ॲक्टिव्हेटच्या हवाली करते.

निशाचराचे लक्ष्य हे इंजिनाने दिलेल्या खेळाडूच्या वस्तूचा संदर्भ असतो. असा संदर्भ साठवता येत नाही. साठवायला गेले तर त्रुटी येते. म्हणून मॉडमध्ये साठवण्याआधी लक्ष्य पुसले जाई, अवस्था मात्र आहे तशी साठवली जाई. निजताना ‘हल्ला’ असेल तर उठतानाही ‘हल्ला’च, पण कोणावर करायचा ते ठाऊक नाही. हल्ल्याच्या शाखेतील पहिली ओळ लक्ष्य नसेल तर तेथूनच परत फिरते आणि नवे लक्ष्य शोधण्याचे काम फक्त गस्तीच्या शाखेत आहे. अशा निशाचराची सुटका एकाच मार्गाने होते : कोणीतरी त्याला मारावे लागते, कारण फटका बसला की फटका मारणारा आपोआप लक्ष्य ठरतो. बुरुजाजवळ तलवारीचा एक वार करून हे पाहिले, आणि वार बसताच तो झडप घालून आला.

हे चाचणीत एरवी सहजासहजी हाती का लागत नाही, तेही नोंदवून ठेवतो. जागा टापू ६४ नोडांचा असला तरी खेळाडू ज्या दिशेला पाहत असतो त्या दिशेला शत्रू त्याहून अधिक अंतरापर्यंत जागे ठेवले जाऊ शकतात, नजरेसमोरून ते एकाएकी नाहीसे होऊ नयेत म्हणून. म्हणजे उलट्या पावलांनी, शत्रूकडे पाहत दूर गेले तर तो निजत नाही. पाठ फिरवून पळाले तरच निजतो. चाचणीच्या सर्व्हरवर या दोन्ही मर्यादा १ ब्लॉकवर आणल्या, त्यामुळे लांब चालत जाण्याची गरज उरली नाही.

१९ फेब्रुवारी

लक्ष्य म्हणून वस्तूच्या संदर्भाऐवजी खेळाडूचे नाव साठवण्याचे ठरवले. नाव साधे अक्षरी असल्यामुळे ते बिनधोक साठवता येते आणि दर पावलाला नावावरून चालू संदर्भ मागता येतो. खेळाडू बाहेर पडून पुन्हा आत आला तर जुना संदर्भ निरुपयोगी होतो, तोही प्रश्न यातच निकालात निघाला.

२२ फेब्रुवारी

नाव साठवता येते म्हटल्यावर ते किती काळ लक्षात ठेवायचे हा प्रश्न आला, आणि तो कोडपेक्षा खेळाच्या स्वभावाशी अधिक निगडित आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत सर्वसाधारण शत्रू जवळच्या खेळाडूपासून १२८ ठोकळ्यांपलीकडे गेला की तत्काळ नाहीसा होतो, त्यामुळे तेथे हा पेच बहुतांशी उद्भवतच नाही. आमचे निशाचर मात्र टिकणारे आहेत. एका बुरुजातील टोळी मारली की तो बुरूज मोकळा राहतो, हा खेळाचा गाभा आहे आणि केवळ दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून त्याला हात लावायचा नाही, यावर गटात दुमत नव्हते.

ऑन ॲक्टिव्हेटला ब्लॉक किती सेकंद निजलेला होता हे इंजिनाकडून कळते. हा काळ खेळातल्या घड्याळाने मोजला जातो, सर्व्हर बंद असतानाचा वेळ त्यात धरला जात नाही, आणि आमच्या दृष्टीने ते योग्यच आहे. साठ सेकंदांच्या आत जाग आली तर निशाचर त्याच नावाच्या मागे लागेल. त्याहून अधिक काळ गेला असेल तर नाव पुसून गस्त सुरू होईल. शून्य सेकंद हा पर्याय मला मान्य नव्हता. टापूच्या कडेवर दोन पावले मागेपुढे करून शत्रूला सगळे विसरायला लावता येते हे एकदा खेळाडूंना उमगले की ते दुसरे काही करणार नाहीत.

याच कारणाने, लक्ष्य असलेला खेळाडू सर्व्हरवरून बाहेर पडला तर दहा सेकंद ‘पाठलाग’ तसाच राहतो आणि निशाचर त्याच्या शेवटच्या ठिकाणाकडे चालत राहतो. बाहेर पडून लगेच आत येणाऱ्याला तो तेथेच भेटेल. एका सहकाऱ्याला हे जाचक वाटले, कारण नेट तुटणाऱ्यालाही हीच शिक्षा होते. त्यावर तोड म्हणून आत आल्यानंतर पहिले तीन सेकंद निशाचर वार करणार नाही असे ठरले.

२५ फेब्रुवारी

दोन्ही दुरुस्त्यांसाठी आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहिल्या. पहिली चाचणी पूर्ण ठोकळा, अर्धी पायरी, सतरंजी आणि बर्फाचा थर यांवरील पायांची उंची देऊन मिळणारा नोड तपासते, आणि प्रत्येक प्रकार शून्याच्या वर, शून्यावर आणि शून्याच्या खाली अशा तिन्ही ठिकाणी घेते. दुसरी चाचणी निशाचराला प्रत्येक अवस्थेत साठवून परत उठवते आणि लक्ष्याविना ‘हल्ला’ किंवा ‘पाठलाग’ अशी जोडी कधीही तयार होत नाही हे पाहते. गेट स्टॅटिकडेटा केवळ निजवतानाच नव्हे तर अधूनमधूनही बोलावले जाते, तेव्हा त्याने जाग्या निशाचराचे लक्ष्य पुसता कामा नये, ही अटही तिच्यात घातली.

१ मार्च

जुन्या जगांचा प्रश्न शेवटचा होता. तेथे लक्ष्याविना ‘हल्ला’ अवस्थेत निजलेले निशाचर ब्लॉकांमध्ये साठलेले आहेत आणि नवा कोड आला तरी त्यांची माळ जुनीच राहणार. माळेत आता आवृत्तीचा आकडा घातला आहे. आकडा नसलेली माळ आली तर तिच्यातून फक्त उरलेली ताकद आणि मूळ बुरुजाचे ठिकाण उचलले जाते, अवस्था मात्र गस्तच धरली जाते. अगदी नव्याने जन्मलेल्या निशाचरासाठी माळ रिकामी येते, तो प्रकार वेगळा हाताळला आहे, नाहीतर त्यालाही जुना समजून बुरुजाचे ठिकाण शोधले गेले असते.

बुरुजाजवळच्या ज्या जगात दुसरा दोष प्रथम दिसला, त्याच्या प्रतीवर हे चालवून पाहिले. ब्लॉक जागा झाला, पट्टीवर ‘गस्त’ उमटले आणि मी त्याच्या नजरेच्या टप्प्यात येताच ‘पाठलाग’ झाले. दुरुस्त्या कोडच्या मुख्य शाखेत घेतल्या आहेत. नावाची पट्टी काढून टाकलेली नाही. डीबग अधिकार असलेला खेळाडू आज्ञा देऊन ती दाखवू शकेल, अशी सोय केली आहे. कुंपणावर चढून उभ्या राहिलेल्या खेळाडूपर्यंत निशाचर पोहोचत नाही हे या तपासणीत दिसले, पण ते उडीच्या उंचीच्या मर्यादेमुळे आहे आणि त्याची स्वतंत्र नोंद उघडली आहे.